बार्शी रोड कुठे आहे?



सुरुवात एका स्टेशनाच्या नावाने करू. बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेच्या जुन्या टाइमटेबलात पुणे–सोलापूर मार्गावर हे नाव छापलेलं असे. आजच्या टाइमटेबलात ते सापडत नाही. मग हे स्टेशन गेलं कुठे? रूळ उखडले, की इमारत पाडली?

बरोबर, मागच्या रांगेतून उत्तर आलंच. कुर्डुवाडी. स्टेशन जिथल्या तिथे आहे, नाव तेवढं बदललं. जुन्या रेल्वेवाल्यांच्या भाषेत स्टेशनाच्या नावापुढच्या ‘रोड’ला एक अर्थ होता: गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. नाशिक रोडचंही तेच. रूळ नाशिक शहरात शिरले नाहीत, बाहेरून गेले. बार्शीची बाजारपेठ मोठी, कापसाची आणि धान्याची. पण मुख्य मार्ग तिला टाळून एकवीस मैल दूरवरून गेला. त्या एकवीस मैलांनी पुढे जगभरच्या रेल्वेप्रेमींना बार्शीचं नाव ऐकवलं. त्या गोष्टीकडे आपण येणारच आहोत.

आजचा विषय आहे जुन्या आगगाड्यांच्या आणि जुन्या मार्गांच्या इतिहासाचा छंद असलेली माणसं. ती सगळीकडे असतात. कोणी निवृत्त गार्ड असतो, कोणी शाळामास्तर, कोणी कॉलेजात शिकणारी मुलगी. लोकांना वाटतं, ही मंडळी इंजिनांचे नंबर वहीत उतरवतात आणि फोटो काढतात. तेही करतात. पण त्यांचं खरं काम वेगळं आहे. लोखंड जपायला संग्रहालयं आहेत. कागद जपायला दफ्तरखाने आहेत. ‘हे असं का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र ना लोखंडात असतं, ना एका कागदात. ते चार ठिकाणी विखुरलेलं असतं आणि चार माणसांनी आपापला तुकडा समोर ठेवल्याशिवाय जुळत नाही. हे जुळवण्याचं काम छंदी माणसं करतात, पदरमोड करून करतात, आणि ते केलं नाही तर काय होतं हे महाराष्ट्राने डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

चला, बोरघाटात जाऊ.

मुंबईची लोकल खोपोलीला का जाते? प्रश्न साधा आहे. कर्जतच्या पुढे पळसदरीला पुण्याचा मार्ग डोंगराकडे वळतो आणि एक छोटा फाटा पायथ्याने जाऊन खोपोलीला संपतो. हा फाटा कोणी मुद्दाम नंतर काढलेला नाही. उलट, एके काळी तोच मुख्य मार्ग होता! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि १८५६ साली खोपोलीला. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे ही लाइन सुरू झाली. मध्ये उभा होता घाट. पाच वर्षं प्रवाशाने खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखीत, डोलीत किंवा तट्टावर बसून, नाहीतर पायी घाट चढायचा, आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडायची. आज खोपोली लोकलच्या शेवटच्या डब्यातून उतरणारा माणूस त्या मोडक्या प्रवासाच्या एका टोकावर पाऊल ठेवतो.

घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण. काही ठिकाणी चढ इतका खडा, की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ साली मजुरीच्या थकलेल्या पैशांवरून दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने काम सोडलं. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या मदतीने ते पुरं केलं. १८६१च्या सुरुवातीला घाटात एका वेळी बेचाळीस हजार माणसं राबत होती. बेचाळीस हजार! त्या काळात एवढ्या वस्तीची शहरं महाराष्ट्रात किती होती? पटकी आली, ताप आले, सुरुंग फुटले, कड्यावरून दोर तुटले. घाटाचा आराखडा करणारा जीआयपीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली स्वतः आजारी पडून इंग्लंडला परतला आणि १८६२ साली वारला. १८६३च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला, तो त्याने पाहिला नाही. बर्कलीचं नाव आपल्याला ठाऊक आहे. अ‍ॅलिसचं नाव छंदी मंडळींनी पुन्हा पुन्हा सांगितलं म्हणून ठाऊक आहे. बेचाळीस हजारांपैकी एकाचंही नाव आपल्या तोंडी नाही, आणि ही रुखरुख रेल्वेचा इतिहास सांगणाऱ्याने मनात ठेवूनच बोलायला हवं.

या घाटात बर्कलीने एक युक्ती केली होती. खंडाळ्याच्या खाली एका जागी डोंगर इतका अरुंद, की गाडी वळवायला जागाच नाही. तेव्हा त्याने तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केलं. मुंबईहून आलेली गाडी एका अंगाने चढत यायची आणि सपाट पट्टीवर थांबायची. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळाने गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जोडलं जायचं, आणि जी शेपूट होती ती तोंड होऊन गाडी दुसऱ्या अंगाने वर निघायची. म्हणजे डोंगराच्या अंगावर इंग्रजी व्ही अक्षर काढावं तसं. पुण्याला जाणाऱ्या माणसाची पाठ फिरायची. खिडकीतली दरी या बाजूची त्या बाजूला व्हायची. साठाहून अधिक वर्षं हे चाललं. १९२९ साली विजेच्या गाड्यांच्या तयारीत नवे बोगदे खणून मार्ग सरळ केला आणि रिव्हर्सिंग स्टेशन ओस पडलं.

ओस पडलं, पण तिथला दगडी पूल राहिला. पुढे त्याखालून मोटारींचा रस्ता गेला, नंतर एक्सप्रेसवे गेला. पुलावर एका मलमाची जाहिरात रंगवलेली होती, तेव्हा लोक त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी तो पाहिला. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. वाहतुकीला त्याचे खांब अडचणीचे होते, ते कारण समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या दिवशी जागोजाग काय छापून आलं? ‘१८३० साली बांधलेला, एकशे नव्वद वर्षांचा पूल पाडला.’

१८३०! श्रोतेहो, १८३० साली भारतात प्रवासी रेल्वेच नव्हती. मग हा आकडा आला कुठून? १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. रस्त्याचं साल पुलाला चिकटलं. घाटाचे जुने नकाशे ज्यांनी समोर ठेवून पाहिले होते, जे पायी त्या पट्टीवर जाऊन आले होते, ते रेल्वेप्रेमी तेव्हाही सांगत होते की हा पूल रिव्हर्सिंग स्टेशनच्या रुळांचा आहे, त्यावरून आगगाडी जात असे. दगड गेले. आता पुलाबद्दलचं खरं ज्ञान त्यांच्या टिपणांतच राहिलं आहे. ते जर त्यांनी एकमेकांना सांगितलं नसतं, नकाशे ताडून पाहिले नसते, तर पूलही गेला असता आणि त्याच्या जागी एक चुकीचं साल कायमचं बसलं असतं.

आता बार्शीकडे. इथे जरा रेंगाळू, कारण सभागृहात त्या बाजूची मंडळी पुष्कळ दिसतात.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जीआयपी रेल्वेत इंजिन तपासनीस म्हणून भारतात आला. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या बाजारपेठांना स्वस्तातल्या छोट्या लाइनने जोडावं, हा ध्यास त्याने घेतला. बार्शीचा प्रस्ताव त्याने मांडला तो ऐंशीच्या दशकात. परवानग्या आणि भांडवल यांत वर्षं गेली. शेवटी १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी गेजची लाइन सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे. आपल्या भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची ‘बार्शी लाइट’.

हिच्यात एवढं काय होतं? छोट्या लाइनी तर आधीही होत्या. कॅलथ्रॉपचा विचार असा होता: रुळाला गाडीचं एकूण वजन कळत नाही, चाकांच्या एका जोडीखाली किती भार येतो तेवढंच कळतं. तेव्हा इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. हे एकदा ठरलं की रूळ हलका चालतो, भराव कमी लागतो, पूल स्वस्तात होतात. आता इंजिन जड असतंच. मग त्याचं वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बार्शीसाठी जी इंजिनं बांधली त्यांना एकमेकींना जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या होत्या आणि मागे आणखी दोन. मालडबे दाबलेल्या पोलादाचे, लांब, बोगीवर बसवलेले. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून ही गाडी चालवून दाखवली आणि ठिकठिकाणचे अभियंते ती पाहायला आले. एका सोलापुरी बाजारपेठेची गाडी आधी यॉर्कशायरमध्ये धावली!

१९०६ साली लाइन पंढरपूरला गेली. १९११ साली लातूरला. १९२७ साली मिरजेला. एकूण दोनशे दोन मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. मिरजेकडून कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, शेंद्री, बार्शी, येडशी, लातूर. आषाढी-कार्तिकीला ही छोटी गाडी विठ्ठलाच्या वाटेवरची गाडी व्हायची. हलक्या रुळांवरून माणसांचा तो लोंढा नेणं सोपं नव्हतं. पाच टनांचा नियम तिथे कसाला लागत होता. १९५४ साली सरकारने लाइन विकत घेतली आणि नंतर, २००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत, टप्प्याटप्प्याने ती ब्रॉडगेज झाली.

ब्रॉडगेज झाली, हे चांगलंच झालं. लातूरहून मुंबईला डबा न बदलता जाता येतं, ही लहान सोय नाही. पण गेज बदलताना मार्गही थोडा बदलला. जुनी लाइन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, बगल देऊन जायची. नवी लाइन वळसा घेऊन शहराला स्पर्श करते. मग जुन्या लाइनचा भराव, मोऱ्या, पाण्याची टाकी, स्टेशनाची ओसरी यांचं काय झालं? कुठे शेत झालं, कुठे बांध, कुठे गाडीवाट. शेतकऱ्याला ठाऊक असतं की या बांधाखाली खडी आहे, नांगर लागत नाही. का लागत नाही, हे त्याच्या नातवाला माहीत असेल का?

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन होती. कॅलथ्रॉपनेच ती बार्शीच्या धर्तीवर आखली. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. तीस वर्षांचं आयुष्य, जेमतेम सव्वाआठ मैलांची लांबी. तिच्या एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव होतं. आज तिथे रुळांच्या जागी पायवाट आहे, लोक सुट्टीच्या दिवशी चालायला आणि सायकली चालवायला येतात. त्या लाइनवर तिकडच्या छंदी माणसांनी पुस्तकं लिहिली, डब्यांचे आराखडे काढले, हुबेहूब छोटी मॉडेलं केली. त्यामुळे बार्शी हा शब्द इंग्लंडातल्या नॅरोगेजवेड्याला ठाऊक असतो. आपली लाइन तिच्याहून कितीतरी पट लांब, तिपटीहून जास्त काळ चाललेली. तिच्या प्रत्येक स्टेशनाचा नकाशा आपल्याकडे मराठीत एका ठिकाणी मिळायला नको का?

आता हे ज्ञान गोळा होतं कसं, याबद्दल थोडं.

पहिला धडा असा की आठवण खोटी नसते, अपुरी असते. डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० रोजी ती मुंबई–पुणे धावू लागली. घरात एखाद्या आजोबांनी सांगितलं असेल की ती गाडी रुपेरी होती, लाल पट्ट्यांची. शेजारच्या आजी म्हणाल्या असतील, छे, गर्द निळी, सोनेरी रेघांची. कोण खरं? दोघंही. कारण गाडीचे सात-सात डब्यांचे दोन संच होते आणि त्यांचे रंग वेगळे होते. ज्याने एकच आठवण ऐकली तो भांडत बसेल. ज्याने दोन्ही ऐकून घेतल्या त्याला गाडीबद्दल एक नवी गोष्ट कळेल.

दुसरं, ज्याने काम केलं त्याचा शब्द. घाटात मालगाड्या ओढणारं १९२८च्या सुमाराचं स्विस आराखड्याचं विजेचं इंजिन कागदोपत्री आधी ईएफ-१ होतं, मग डब्ल्यूसीजी-१ झालं. घाटातल्या माणसांनी त्याला नाव दिलं खेकडा. मधे मोठं धूड, दोन्ही टोकांना लांब नाकं, वळणावर तीन तुकड्यांत वाकणारं अंग, आणि चाकांना जोडलेल्या दांड्यांची ती खेकड्यासारखी हालचाल. उभं असतानाही ते कण्हल्यासारखा आवाज करायचं. असली एकेचाळीस इंजिनं होती. कारखान्याच्या आराखड्यात त्याच्या मोटारींची ताकद मिळेल. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाक घसरायला लागलं की वाळू केव्हा सोडायची, बोगद्यातून बाहेर येताना हाताखाली काय जाणवायचं, हे फक्त चालवणाऱ्याला सांगता येतं. तो ड्रायव्हर आता ऐंशीच्या घरात असेल. त्याच्याकडे जाऊन बसायला हवं, आणि बसायला वेळ थोडा आहे.

तिसरं, ताडून पाहणं. प्रेम असलं की अतिशयोक्ती होते. शकुंतला रेल्वेचं उदाहरण आहे. मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ ही वऱ्हाडातली नॅरोगेज, दोन्ही मिळून एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास. कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षं! हे खरं आहे आणि पुरेसं थोर आहे. पण वर्षानुवर्षं एक वाक्य फिरत राहिलं: ‘ही रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची आहे.’ लाइन होती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार पाहणारी पेढी किलिक निक्सन. पेढी इंग्रजांनी स्थापलेली खरी, पण पुढे ती भारतीय हातांत आली. लाइन खासगी कंपनीची राहिली आणि सरकारी रेल्वे करारावर ती चालवत राहिली, ही मूळ गोष्टच किती विलक्षण आहे! तिला फोडणीची गरज नाही. चांगला छंदी माणूस इथे थांबतो, कराराचा कागद मागतो, आणि आपल्याच आवडत्या गाडीबद्दलची चूक स्वतः दुरुस्त करतो.

आणि अशा माणसांच्या हातून मोठी कामं होतात. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडलं. त्यामागे मायकेल सॅटो नावाचा माणूस होता. तो रेल्वेचा नोकर नव्हता. एका रासायनिक कंपनीचा भारतातला प्रमुख होता, आणि रेल्वेवेडा होता. शेडमागे, कारखान्यांच्या आवारात, साखर कारखान्यांच्या रुळांवर पडलेली जुनी इंजिनं हुडकून, कुठलं जपण्याजोगं ते त्याने रेल्वे बोर्डाला सांगितलं. भंगारात जाऊ शकणारी इंजिनं आज मुलं हात लावून पाहतात. पुण्यात भाऊ जोशींनी हयातभर लहान गाड्या जमवल्या, घडवल्या, आणि १९९८ साली कोथरूडला मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय उभं केलं. तिथे सिग्नल पडतो, सांधा बदलतो, गाडी पूल ओलांडते. रेल्वे चालते कशी हे पोराला एका नजरेत कळतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. माथेरानच्या १९०७ सालच्या दोन फुटी लाइनची मूळ जर्मन इंजिनं चार. त्यांतलं एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे आणि एक पार इंग्लंडमध्ये, तिथल्या हौशी मंडळींच्या हातात.

मराठीत या विषयाची परंपराही जुनी आहे. पहिली गाडी धावली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ हे पुस्तक छापलं. विचार करा, रूळ नुकते ठाण्यापुढे सरकत होते आणि ही वस्तू आहे काय, चालते कशी, हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावं असं कोणाला तरी वाटलं.

वेळ संपत आला आहे, तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात कोणी गँगमन, सांधेवाला, फायरमन, तिकीट मास्तर होतं का? त्यांच्या पेटीत पितळी बिल्ला असेल, शिट्टी असेल, वर्किंग टाइमटेबल असेल. प्रवाशांच्या टाइमटेबलाहून ते वेगळं असतं. कुठली गाडी कुठे पाणी घेणार, कुठे कोणासाठी थांबणार, सगळं त्यात असतं. रद्दीत घालू नका. विकूही नका. मागच्या पानावर कोणाचं होतं, कुठल्या स्टेशनवर होते, कुठल्या साली, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा. नावाशिवाय वस्तू मुकी होते.

बाहेर दाराजवळ टेबलावर मिरज–लातूर छोट्या लाइनचा एक मोठा नकाशा पसरून ठेवला आहे. मार्ग आखलेला आहे, स्टेशनांची नावं आहेत, बाकी कागद कोरा आहे. तुमच्या गावाजवळ जुना भराव कुठून जायचा, मोरी कुठे होती, पाण्याची टाकी कुठल्या विहिरीवर भरायची, कुठल्या चढावर पोरं गाडीबरोबर पळायची, जे आठवत असेल ते तिथे लिहा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही लिहा. पेन्सिली ठेवल्या आहेत, आणि सभागृह नऊपर्यंत उघडं आहे.